शत्रूने जपलेले निशाण: युरेका ध्वजाची ओळख कशी पटली?

१८७७ साली मेलबर्नच्या सार्वजनिक ग्रंथालयापुढे एक अवघड प्रश्न आला. जॉन किंग नावाच्या शेतकऱ्याने आपल्याजवळचा एक जुना निळा ध्वज ग्रंथालयाला विकण्याची तयारी दाखवली होती. ध्वज फाटलेला, विरलेला होता. किंगचे म्हणणे असे, की तेवीस वर्षांपूर्वी बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणींवर जे बंड झाले त्याचेच हे निशाण. ग्रंथालयात तेव्हा मार्कस क्लार्क हा प्रसिद्ध कादंबरीकार नोकरीस होता. त्याने सर्वांत सरळ मार्ग धरला. ज्याने त्या निशाणाखाली बंडखोरांकडून शपथ घेववली आणि त्याच बंडात आपला डावा हात गमावला, त्या पीटर लेलरलाच त्याने विचारले. लेलर तेव्हा हयात होता आणि वसाहतीच्या राजकारणातला प्रतिष्ठित गृहस्थ झाला होता. पण त्याला खात्रीने सांगता येईना. माझ्याहून चांगल्या स्मरणशक्तीचा कोणी मिळतो का पाहा, अशा आशयाचे उत्तर त्याने धाडले. ग्रंथालयाने ध्वज घेतला नाही.

मित्रहो, आजचा धागा याच ध्वजाविषयी आहे. बंडाच्या पुढाऱ्यालाच जो ओळखता आला नाही, तो ध्वज आज ऑस्ट्रेलियात अस्सल म्हणून जतन केला जातो, वारसा-नोंदणीत त्याचा समावेश आहे. हे कोणत्या आधारावर? एखाद्या चिंधीला इतिहासाचा पुरावा मानायचे तर तिच्याकडे नेमके काय असावे लागते?

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. १८५१ मध्ये व्हिक्टोरिया ही स्वतंत्र ब्रिटिश वसाहत झाली आणि त्याच वर्षी तिथे सोने सापडले. आयर्लंड, इंग्लंड, जर्मनी, इटली, अमेरिका, कॅनडा, चीन अशा दूरदूरच्या देशांतून माणसे धावली. सरकारने प्रत्येक खोदणाऱ्यावर महिना ३० शिलिंगांचा परवाना लादला. सोने मिळो न मिळो, पैसे भरायचेच. परवाना सतत अंगावर बाळगायचा, आणि पोलिस मागतील तेव्हा चिखलाच्या खड्ड्यातून वर येऊन दाखवायचा. परवाना नसलेल्यांची अक्षरशः शिकार चाले. जून १८५४ मध्ये आलेले गव्हर्नर सर चार्ल्स हॉथम यांनी ही तपासणी आठवड्यातून दोनदा करण्याचे फर्मान काढले. त्यातच ऑक्टोबरात जेम्स स्कोबी या खाणकऱ्याचा खून झाला, संशयित हॉटेलमालक बेंटली सुटला, आणि संतप्त जमावाने त्याचे हॉटेल जाळले. ११ नोव्हेंबरला बॅलरॅट रिफॉर्म लीग स्थापन झाली. (वर्षाचा अंदाज यावा म्हणून: याच १८५४ साली आपल्याकडे डलहौसीने नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा केले.)

२९ नोव्हेंबर १८५४ रोजी बेकरी हिल नावाच्या टेकाडावर प्रचंड सभा भरली, परवाने जाळले गेले, आणि एका उंच काठीवर प्रथमच एक नवे निशाण चढले. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी पुन्हा परवाना-तपासणी केली तेव्हा ठिणगी पडली. लेलर पुढे झाला, आणि त्या निशाणाखाली गुडघे टेकून शेकडो माणसांनी एकमेकांशी निष्ठा राखण्याची शपथ घेतली.

हे निशाण कसे होते? निळ्या जमिनीवर पांढरा क्रूस, क्रूसाच्या चार टोकांवर चार तारे आणि मधोमध पाचवा. दक्षिण गोलार्धाच्या आकाशातील ज्या तारकासमूहाला आपण त्रिशंकू म्हणतो, त्याचे हे चित्र. महाराष्ट्रातून, विशेषतः कोकणातून, उन्हाळ्यातल्या रात्री तो दक्षिण क्षितिजालगत दिसतो. ऑस्ट्रेलियात तो डोक्यावर उंच असतो. पण आकाशातला त्रिशंकू आणि ध्वजावरचा त्रिशंकू यांत फरक आहे. आकाशात पाचवा तारा फिकट आहे आणि मध्यापासून बाजूला सरकलेला आहे. ध्वजावर तो बरोबर मध्यभागी आहे, आणि इतर चारांपेक्षा किंचित मोठा. हा तपशील लक्षात ठेवा, कारण पुढे तो फार उपयोगी पडणार आहे. ज्याला केवळ आकाश पाहून बनावट ध्वज करायचा आहे, तो अशी रचना सहजासहजी करणार नाही.

आता ३ डिसेंबरची पहाट. रविवार होता. खाणकऱ्यांनी युरेका नावाच्या भागात लाकडे, गाड्या जे मिळेल ते रचून कच्चा कोट उभा केला होता. शनिवारी रात्री बरेचजण आपापल्या तंबूंत परतले होते. आत सुमारे १२० जण उरले होते. कॅप्टन थॉमसच्या हाताखाली २७६ सैनिक व पोलिस चालून आले. पंधरावीस मिनिटांत सारे संपले. किमान २२ खाणकरी मेले, सरकारी बाजूचेही काही पडले, त्यांत कॅप्टन वाइज होता. या हल्ल्यात ब्रिटिशांच्या १२व्या व ४०व्या पलटणी होत्या. यांतली ४०वी पलटण आपल्याला अगदीच परकी नाही: १८४३ मध्ये महाराजपूरला ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेशी जी लढाई झाली तीत हीच पलटण लढली होती.

त्या धुमश्चक्रीत एक पोलिस शिपाई ध्वजाच्या काठीकडे धावला आणि त्याने निशाण खाली ओढले. तो जॉन किंग. म्हणजे १८७७ चा तो शेतकरी.

पुढची हकीकत त्या काळच्या वर्णनांतून कळते. विजयी शिपायांनी ध्वज नाचवत छावणीत नेला, हातोहात फेकला, पायदळी तुडवला, आणि आठवण म्हणून त्याचे तुकडे फाडून घेतले. कोणत्याही पराभूत निशाणाच्या नशिबी असते तेच. ते तिथेच जळून गेले असते, तर आज आपण केवळ शब्दांवर विसंबून असतो. ते वाचले, याचे कारण सरकारला त्याची गरज होती.

बंडखोरांपैकी १३ जणांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. राजद्रोह सिद्ध करायचा तर या लोकांनी राणीच्या सत्तेला आव्हान दिले, स्वतःची सत्ता उभारू पाहिली, हे दाखवावे लागते. वेगळे निशाण हा त्याचा उघड पुरावा. खुद्द हॉथमनेही लंडनला पाठवलेल्या खलित्यात या सभेचा उल्लेख ऑस्ट्रेलियाच्या स्वातंत्र्याचा झेंडा उभारल्याची घटना म्हणूनच केला. म्हणून तो फाटका ध्वज मुद्देमाल म्हणून पुढे आला, आणि जॉन किंगने साक्ष दिली, की मी खाली उतरवलेला ध्वज तो हाच. ज्यूरीने मात्र १३ पैकी एकालाही दोषी धरले नाही. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एकामागून एक सारे सुटले. परवाना रद्द झाला, त्याजागी वर्षाला एक पौंडाचा नवा हक्कपत्र आला, आणि लेलर त्याच वर्षी विधिमंडळात जाऊन बसला.

माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच आहे. लढाईनंतर अवघ्या काही आठवड्यांत, आठवणी ताज्या असताना, ध्वज उतरवणाऱ्याने शपथेवर त्याची ओळख दिली. बचाव पक्षाला ती खोडायची पूर्ण संधी होती. बंडखोरांच्या गौरवासाठी रचलेली ही गोष्ट नव्हती. त्यांना फासावर चढवण्यासाठी दिलेली साक्ष होती. पुढे तेवीस वर्षांनी लेलरला जे आठवले नाही, ते या साक्षीपुढे फारसे वजनदार ठरत नाही. लेलर खांद्याला गोळी लागून पडलेला होता. ध्वज उतरला तेव्हा तो लपवला गेलेल्या अवस्थेत प्राण वाचवत होता. प्रत्यक्षदर्शी म्हणजे सर्व काही पाहिलेला माणूस, हा आपला एक भाबडा समज असतो.

खटल्यानंतर ध्वज किंगकडेच राहिला. त्याने पोलिसाची नोकरी सोडली, शेती केली, आणि १८८१ मध्ये तो वारला. ध्वज त्याच्या विधवेकडे, इझाबेला किंगकडे आला. १८९५ साली बॅलरॅटच्या कलादालनाचे अध्यक्ष जेम्स ऑडी यांनी तिच्याकडे ध्वजाची मागणी केली. ऑडी हे स्वतः बॅलरॅटच्या सुरुवातीच्या खाणकऱ्यांपैकी होते. तिने तो दिला, पण देणगी म्हणून नव्हे, उसना. आपण किंवा आपला मुलगा मागेल तेव्हा परत करायचा, या अटीवर. त्या वेळचे तिचे पत्र आजही महत्त्वाचे मानले जाते. ध्वजाचा मुख्य भाग दोरीलगत फाटला आहे, काही भाग अजून दोरीभोवतीच आहे, म्हणून जसा आहे तसाच पाठवते, असे तिने कळवले. नवऱ्यावर झाडलेल्या गोळ्यांनी पडलेली भोके दिसतील, असेही. गोळ्यांची गोष्ट कुटुंबातली असू शकते. पण कापड कुठे फाटले, दोरीला काय उरले, हे वर्णन करणारी बाई ते कापड समोर ठेवून लिहिते आहे.

मग पुढची अनेक दशके हा ध्वज दालनात होता आणि जवळजवळ विस्मृतीत गेला. केवळ दुर्लक्षच नव्हे, तिथेही त्याचे तुकडे पाहुण्यांना देण्याचा प्रकार घडला. आज मूळ ध्वजाचा साधारण दोन तृतीयांश भागच शिल्लक आहे. त्याचे मूळ माप अंदाजे २६० सेंटिमीटर बाय ४०० सेंटिमीटर, म्हणजे एका लहान खोलीची भिंत झाकेल एवढे. एवढ्या मोठ्या कापडाचा तिसरा हिस्सा बोटाएवढ्या, तळहाताएवढ्या आठवणींत वाटला गेला.

विस्मृतीतून हा ध्वज बाहेर आणण्याचे मोठे श्रेय लेन फॉक्स या पत्रकाराला जाते. फॉक्स साम्यवादी विचारांचे होते, आणि युरेका त्यांना जिव्हाळ्याचा विषय वाटणे स्वाभाविक होते. पण त्यांनी नुसती भावना व्यक्त केली नाही. १९४० च्या दशकापासून त्यांनी पत्रव्यवहार केला, जुनी वर्तमानपत्रे चाळली, किंग घराण्याचा माग काढला, आणि १९६३ मध्ये या ध्वजाच्या विलक्षण इतिहासावर पुस्तिका लिहिली. विचारसरणीने प्रेरित संशोधन वाईटच असते असे नाही. पुरावा उघडा मांडला असला, तर तो कोणालाही तपासता येतो.

आणि तपासण्याजोग्या शंका होत्याच.

पहिली शंका कापडाची. राफाएलो कार्बोनी हा इटालियन खाणकरी त्या १३ आरोपींपैकी एक. त्याने १८५५ मध्येच बंडाची हकीकत छापली. तीत त्याने ध्वज रेशमी असल्याचे आणि क्रूस रुपेरी असल्याचे लिहिले. दालनातला ध्वज मात्र रेशमाचा नाही. जमीन निळ्या लोकरीची, क्रूस सुती ट्विलचा, आणि तारे तलम सुती कापडाचे. मग हा ध्वज दुसराच का? मला तसे वाटत नाही. कार्बोनीने रंग आणि क्रूस बरोबर सांगितले. चुकला तो कापडाच्या पोताबाबत. बेकरी हिलवरची काठी सुमारे ८० फूट उंच होती असे तोच लिहितो. त्या उंचीवर उन्हात फडफडणारे नवे कापड रेशमी वाटणे आणि पांढरे सूत चांदीसारखे चमकणे अगदी शक्य आहे. शिवाय कार्बोनीची लेखणी अलंकारप्रिय होती. दुरून जे दिसते त्यावर साक्षीदाराचा विश्वास ठेवावा. हात लावल्याशिवाय जे कळत नाही, त्यावर ठेवू नये.

दुसरी शंका शिवणाऱ्यांची. परंपरेनुसार ध्वजाची कल्पना कॅनडाहून आलेल्या हेन्री रॉसची, आणि शिवण अनास्तेशिया विदर्स, अ‍ॅन ड्यूक व अनास्तेशिया हेज या तीन स्त्रियांची. रॉस युरेकाच्या लढाईत जबर जखमी होऊन मेला, त्यामुळे त्याची स्वतःची साक्ष नाही. पुढे एका जुन्या रहिवाशाने वेगळीच हकीकत छापली, की कल्पना आपली आणि ध्वज गावातल्या तंबू-ताडपत्री शिवणाऱ्यांनी केला. इथे कापडच बोलते. १९७३ मध्ये बॅलरॅटच्या व्हॅल डी'आंग्री यांनी ध्वजाची डागडुजी केली तेव्हा शिलाई जवळून पाहता आली. कडा दुमडून घातलेली बारीक हातशिलाई, आठ टोकांचे तारे, आणि ताऱ्यांसाठी वापरलेले ते तलम कापड: हे सारे ताडपत्रीच्या दुकानापेक्षा घरातल्या सुईदोऱ्याशी जास्त जुळते. तारे बायकांच्या परकराच्या कापडाचे होते अशी कथा ऑस्ट्रेलियात मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. तसे कापड त्या कामी वापरले जाई, एवढे खरे. नावे मात्र परंपरेतून आलेली आहेत, आणि ती तशीच सांगावीत.

डागडुजी झालेला ध्वज ३ डिसेंबर १९७३ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्या हस्ते लोकांसमोर आला. तरीही एक उणीव उरली होती. साक्षी होत्या, पत्र होते, कापड होते. पण बंडाच्या वेळी काढलेले, ध्वज जसा होता तसा दाखवणारे भरवशाचे चित्र नव्हते.

ते १९९६ मध्ये मिळाले, तेही ऑस्ट्रेलियात नव्हे तर कॅनडात, एका घराच्या माळ्यावर. चार्ल्स दूदिए हा तरुण कॅनेडियन बॅलरॅटला सोने शोधायला गेला होता. रॉस त्याचा मित्र. जखमी रॉसला हलवण्यास मदत करणाऱ्यांत दूदिए होता. त्याच्या चित्रवहीत शपथेचा प्रसंग जलरंगांत रंगवलेला सापडला: गुडघे टेकलेली माणसे, उंच काठी, आणि काठीवर निळ्या जमिनीवरचा पांढरा क्रूस, टोकांना तारे आणि मध्ये एक. चित्रावर तारीख १ डिसेंबरची आहे, तर शपथ ३० नोव्हेंबरला झाली असे सामान्यतः मानतात. एका दिवसाची ही चूक मला तरी त्या चित्राविषयी अधिक विश्वास देते. नंतर पुस्तके वाचून कोणी चित्र रचले असते, तर तारीख अचूक घातली असती. चित्रवही लिलावात आली आणि बॅलरॅटच्या कलादालनाने ती विकत घेतली.

या चित्राचे मोल त्याच्या स्वतंत्रपणात आहे. दूदिए किंगला साक्षी नव्हता, किंग दूदिएला नव्हता. एकाचा ध्वज व्हिक्टोरियातल्या शेतघरात राहिला, दुसऱ्याची वही समुद्रापार गेली. शंभर वर्षांहून अधिक काळ या दोन्ही वस्तूंची एकमेकांशी गाठ पडली नाही. आणि जेव्हा पडली, तेव्हा तो मधोमध बसवलेला, आकाशात तिथे नसलेला पाचवा तारा दोन्हीकडे तोच निघाला.

आपल्याकडच्या भवानी तलवारीच्या वादाशी याची तुलना केल्याशिवाय राहवत नाही. कोल्हापूर दरबाराने १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेल्या तलवारीचा तेव्हापासूनचा माग स्पष्ट आहे. वाद होतो तो त्याआधीच्या दोन शतकांविषयी, कारण तिथे किंगसारखी शपथेवरची साक्ष नाही आणि दूदिएसारखे चित्रही नाही. वस्तू जितकी पूज्य, तितकी तिच्या ताब्याची साखळी तपासणे लोकांना जास्त अप्रिय वाटते. पण कड्या मोजल्याशिवाय इलाज नाही.

किंग कुटुंबाने २००१ मध्ये तो उसना ध्वज अखेर दालनाला कायमचा दिला. २००६ मध्ये तो व्हिक्टोरियाच्या वारसा-नोंदणीत गेला. २०१०-११ मध्ये अ‍ॅडलेडच्या तज्ज्ञांनी त्याचे नव्याने जतन केले. आता तो बॅलरॅटच्या युरेका केंद्रात, मंद प्रकाशात पाहायला मिळतो. गेल्या शतकात साम्यवाद्यांनी तो उचलला, बांधकाम मजुरांच्या संघटनेने उचलला, पुढे कट्टर राष्ट्रवादी गटांनीही उचलला. प्रत्येकजण आपापली प्रतिकृती फडकावतो, आणि प्रत्येकाला मूळ ध्वज आपल्या बाजूने बोलतो असे वाटते.

एक प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. ४ डिसेंबर १८५४ च्या ‘आर्गस’ वृत्तपत्रात बातमी होती, की पोलिसांनी दोन निशाणे पकडली: त्रिशंकूचे, आणि त्याच्याखाली लावलेला ब्रिटिश युनियन जॅक. ह्यू किंग नावाच्या दुसऱ्या शिपायाच्या जबानीतही एका कैद्याच्या अंगाशी लपवलेल्या, युनियन जॅकसारख्या ध्वजाचा उल्लेख आहे. हे खरे असेल तर बंडाचा अर्थच थोडा बदलतो. राणीशी फारकत घेणारे लोक नव्हे, तर ब्रिटिश प्रजा म्हणून आपले हक्क मागणारे लोक. काही अभ्यासक हे गांभीर्याने घेतात. मला ते पटलेले नाही. दूदिएच्या शपथेच्या चित्रात काठीवर एकच निशाण आहे. कार्बोनीही एकाच निशाणाचे वर्णन करतो. आणि मुद्देमाल म्हणून ज्याची ओळख शपथेवर पटवली गेली, तो त्रिशंकूचा ध्वज होता. युनियन जॅकच्या बाजूने बातमीतले एक वाक्य आणि एक जबानी आहे. कापडाचा एक तुकडाही नाही. उद्या कुणाच्या माळ्यावर लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचे, बॅलरॅटची चिठ्ठी जोडलेले एखादे गाठोडे निघाले, तर मी हा परिच्छेद आनंदाने पुन्हा लिहीन. तुमचे मत वेगळे असेल, तर आधारासह खाली जरूर मांडा.